तणाचा जीव कोठे असतो

बागकामावर मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते. गुलाबाची छाटणी, गच्चीवरची भाजी, घरच्या घरी केलेले खत, कुंडीसाठी मातीचे मिश्रण, या सगळ्यांवर चांगली पुस्तके मिळतात. तणांचा विषय मात्र त्यांत बहुधा एका ओळीत आटोपलेला असतो: वाफे वेळोवेळी तणमुक्त ठेवावेत. ज्यांच्या वाफ्यात लव्हाळा एकदा शिरला आहे, त्यांना ही ओळ वाचून काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. वाफा तणमुक्त ठेवायचा कसा, आणि तोही शेजारच्या रोपाला धक्का न लावता, हाच तर त्यांचा प्रश्न असतो. हे पुस्तक त्या एका प्रश्नासाठी लिहिले आहे आणि ही प्रस्तावना त्या विषयाच्या दारापर्यंत तुम्हाला सोबत करण्यासाठी आहे.

शेतातल्या तणांचा अभ्यास आपल्याकडे चांगला मुरलेला आहे. ‘तण खाई धन’ हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. जबलपूरला 1989 पासून केवळ तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे पीकवार शिफारशी देतात. अडचण आहे ती ‘पीकवार’ या शब्दात. उसातले तण कसे आवरावे, सोयाबीनमधले कसे आवरावे, हे तिथे नेमके सांगितलेले असते, कारण शेतात एका वेळी एकदोनच पिके उभी असतात. परसातल्या वाफ्यात तसे नसते. चार बाय दहा फुटांच्या जागेत गुलाब, निशिगंध, पालक, गवती चहा आणि कढीपत्त्याचे कोवळे रोप अशी मंडळी एकत्र नांदत असतात. गवतवर्गीय तणांवरचे औषध गवती चहालाही सोडत नाही. रुंद पानांच्या तणांवरचे औषध पालक आणि गुलाब दोघांनाही भाजते. म्हणून शेतातले ज्ञान वाफ्यात आणताना ते नव्याने तपासून घ्यावे लागते. हे तपासण्याचे काम मराठीत फारसे झालेले नाही. ते करण्यासारखे आहे, हे वाचकांना पटावे एवढीच या पानांची इच्छा आहे.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत राक्षसाचा जीव त्याच्या देहात नसे. सात समुद्रांपलीकडच्या बेटावर, पिंजऱ्यातल्या पोपटात तो ठेवलेला असे. राजपुत्र तलवारीने राक्षसाला कितीही घायाळ करो, पोपट सापडेपर्यंत काही उपयोग नसे. चिवट तणाचे नेमके असेच आहे. आपल्याला दिसतात ती पाने, आणि आपण तोडतो तीही पानेच. त्याचा जीव मातीखालच्या गाठीत, खोडाच्या पेरात किंवा वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बियांत असतो. या पुस्तकाचे सारे सांगणे एका वाक्यात मांडायचे तर असे: आधी तणाचा साठा कोठे आहे ते ओळखा, मग हत्यार उचला. जे हा क्रम पाळतात त्यांना शेजारच्या रोपांना सांभाळणे फारसे अवघड जात नाही, कारण कोठे हात घालायचा आणि कोठे नाही, हे त्यांना ठाऊक असते.

सुरुवात लव्हाळ्यापासून करू. लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याला आणि दुसरा हरळीला दिला आहे. आपल्या अंगणात ही दोन्ही शेजारीशेजारी सुखाने वाढतात. लव्हाळा दिसायला गवतासारखा, पण तो गवत नव्हे. त्याची फुलोऱ्याची दांडी दोन बोटांत धरून फिरवली की तिच्या तीन कडा स्पष्ट लागतात, गवताची काडी मात्र गोल किंवा चपटी असते. ही खूण किरकोळ वाटली तरी तिच्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. जे उपाय गवतावर चालतात, त्यांतले कित्येक लव्हाळ्यावर चालत नाहीत.

लव्हाळ्याच्या बुंध्याखाली तारेसारखी बारीक, चिवट मुळी निघते. तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने काळपट, सुवासिक गाठी माळेसारख्या ओवलेल्या असतात. बहुतेक गाठी वरच्या 15 सेंटिमीटर मातीत असतात, काही मात्र त्याहून खोल जातात. माळेतली पुढची गाठ फुटलेली असेपर्यंत मागच्या गाठी बहुधा झोपून राहतात. आपण हिसका देऊन पाने उपटतो तेव्हा तार तुटते. पुढच्या गाठीचा धाक नाहीसा होतो आणि मागच्या एकेक करून जाग्या होतात. एक उपटला आणि आठ दिवसांत चार आले, ही तक्रार म्हणूनच खरी असते. त्यात दैवाचा भाग नाही, गाठींची ती रीतच आहे. रीत कळली की उपायही तिच्यातूनच सापडतो. कोंब वर आला की तो सुरुवातीला जुन्या गाठीच्या शिदोरीवर वाढतो. पाच-सहा पाने होईपर्यंत त्याने नव्या गाठी धरलेल्या नसतात. त्या आत तो कापला तर गाठीचा खर्च होतो, जमा काहीच होत नाही. वाढीच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी हे न चुकता केले तर साठा आटत जातो.

हरळीचा साठा वेगळ्या ठिकाणी असतो. तिची खोडे जमिनीवर सरपटतात आणि जमिनीखालीही पळतात. त्यांच्या प्रत्येक पेरातून मूळ आणि कोंब दोन्ही निघू शकतात. कुदळीने तिचे तुकडे करून मातीत मिसळले तर आपणच तिची लागवड करून ठेवतो. पण हरळीला एक मोठी उणीव आहे, तिला सावली सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत खोल खोडे सोडणारा कुंदाही याच वळणाचा, फक्त अधिक खोल आणि अधिक हट्टी. या तिघांना, म्हणजे लव्हाळा, हरळी आणि कुंदा यांना, शेतकरी एकाच दमात शिव्या देतात, तरी तिघांचा बंदोबस्त तीन वेगळ्या वाटांनी करावा लागतो.

तिसरा साठा बियांचा. विल्यम बील या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 साली मिशिगनमध्ये 20 बाटल्यांत तणांच्या बिया वाळूत मिसळून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून त्या बिया उगवतात का ते पाहण्याचा हा प्रयोग त्याच्यानंतरही पिढ्यान्पिढ्या चालू राहिला. 2021 साली काढलेल्या बाटलीतल्या काही बिया 142 वर्षांनंतरही रुजल्या. सगळ्याच तणांच्या बिया इतक्या दीर्घायुषी नसतात. तरीही आपला वाफा आज स्वच्छ दिसला म्हणून मातीतला बीजसाठा संपला असे समजू नये, हा धडा त्यातून मिळतो. गाजरगवत हे याचे जवळचे उदाहरण. 1950च्या दशकाच्या मध्यात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. एका झाडापासून हजारो बिया पडतात. पण त्याला गाठी नाहीत की पेरे नाहीत, त्याची सारी भिस्त बियांवर. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, पावसाने मऊ झालेल्या मातीतून ते मुळासकट काढले की काम झाले. हातमोजे विसरू नयेत, त्याच्या संसर्गाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते आणि श्वासाचाही त्रास होतो. पावसाळ्यात त्याच्या पानांवर तपकिरी नागमोडी रेघांचे छोटे फिकट भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नये. मेक्सिकोहून आणलेले हे भुंगेरे 1984 मध्ये बंगळुरूजवळ मुद्दाम सोडले गेले. ते गाजरगवताची पाने खातात.

काही तणे दोन-दोन साठे बाळगतात. केना वर निळी फुले दाखवतो आणि त्याच वेळी मातीखालीही न उमलणारी फुले धरून बी करतो. शिवाय त्याचा तोडलेला तुकडा ओल्या मातीवर टाकला की पुन्हा रुजतो. घोळीचेही तसेच. अशी तणे उपटून तिथेच वाफ्याच्या कडेला टाकण्याची आपली सवय त्यांच्या पथ्यावर पडते. आंबुशीच्या शेंगा पिकल्यावर हात लागताच फुटतात आणि बी दूरवर उडते, म्हणून तिला शेंग धरण्याआधीच काढावे. वाचकांनी पुढील प्रकरणांत प्रत्येक तणाच्या वर्णनात ‘साठा’ या शीर्षकाखालचा मजकूर सर्वांत आधी वाचावा, ही विनंती त्याचसाठी आहे.

साठा ओळखल्यानंतरचा विचार ऋतूचा. एकच कुदळ वैशाखात मित्र असते आणि श्रावणात शत्रू. पावसाळ्यात वाफा खणला तर लव्हाळ्याच्या तुटलेल्या माळांना ओल मिळते आणि त्या दुप्पट जोमाने फुटतात. तोच वाफा एप्रिल-मे महिन्यात रिकामा असताना खणला, ढेकळे उलटीपालटी करून गाठी उन्हात पडू दिल्या आणि पाणी पूर्ण तोडले, तर त्या सुकून मरतात. हरळीची उकरलेली खोडेही अशीच वाळतात. रिकाम्या वाफ्यासाठी आणखी एक उपाय आहे. ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून कडा मातीने बंद करायच्या आणि चार ते सहा आठवडे ऊन खाऊ द्यायचे. 1976 साली इस्राएलमधील जॅकब काटान आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत शास्त्रीय रीतीने मांडली. आपल्या उन्हाळ्याला ती चांगली मानवते. वरच्या थरातले बरेचसे बी तिने मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र पुष्कळदा वाचतात, ही तिची मर्यादा लक्षात असू द्यावी.

आता शेजाऱ्यांचे पाहू, कारण भरल्या वाफ्यात ना खणता येते ना प्लॅस्टिक अंथरता येते. बागेतल्या बहुतेक झाडांची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या 15 ते 30 सेंटिमीटर मातीतच असतात, म्हणजे नेमकी जिथे लव्हाळ्याच्या गाठी असतात तिथेच. कागदी लिंबू, केळ आणि अनंत यांची मुळे तर अगदी वर वर पसरतात. त्यांच्या बुंध्याशी खोल खुरपणी केली तर तणापेक्षा झाडाचेच नुकसान अधिक होते.

गुलाबाच्या बुंध्यालगत लव्हाळा आला आहे असे समजा. आदल्या संध्याकाळी तिथे बेताचे पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी वापसा आलेला असेल, म्हणजे माती हाताला ओलसर लागेल पण चिकटणार नाही. लव्हाळ्याचा कोंब गुलाबापासून वीतभर दूर असेल तर खुरप्याचे टोक उभे धरून कोंबाशेजारी खाली उतरवावे, माती सैल करावी आणि तारेचा माग बोटांनी काढत गाठ अखंड बाहेर घ्यावी. तार गुलाबाच्या दिशेने वळली की तिथेच थांबावे. त्या बाजूला खणू नये. उरलेला कोंब वर येईल तेव्हा धारदार विळ्याने किंवा कात्रीने मातीच्या पृष्ठभागाखाली अर्ध्या बोटावर कापावा, आणि पाच-सहा पाने होण्याच्या आत दर वेळी तसेच करावे. गुलाबाच्या मुळाला यात काही कळतही नाही, आणि लव्हाळ्याची गाठ मात्र हळूहळू रिती होते. काढलेल्या गाठी अर्धवट कुजणाऱ्या खतखड्यात टाकू नयेत. पक्क्या फरशीवर कडकडीत वाळवाव्यात आणि मगच टाकून द्याव्यात.

याच्या जोडीला उजेड तोडण्याचा उपाय असतो. पालापाचोळा, उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा नारळाचे सोडण यांचा 7 ते 10 सेंटिमीटर जाडीचा थर वाफ्यावर दिला की बीपासून येणारी तणे फार कमी होतात. रोपाच्या खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर ओल धरून खोड कुजते. हरळीसाठी आच्छादनाखाली जाड पुठ्ठ्याचा थर द्यावा आणि वाफ्याच्या कडेला 15 ते 20 सेंटिमीटर खोल कौले किंवा पत्र्याची पट्टी उभी गाडावी, म्हणजे बाहेरची हरळी आत येत नाही. लव्हाळ्याचे टोकदार कोंब काळे प्लॅस्टिकही भोसकून वर येतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत आच्छादन ही मदत समजावी, पूर्ण इलाज नव्हे. शेवटी सर्वांत टिकाऊ आच्छादन हिरवेच असते. रताळ्याचा वेल किंवा दाट लावलेली पालेभाजी जमीन झाकून टाकते आणि तणाला उजेडच उरत नाही.

रसायनांविषयी या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे, कारण लपवल्याने अपघात टळत नाहीत. ग्लायफोसेट पानांतून शिरून मुळापर्यंत पोहोचते, म्हणून ते गाठींच्या तणांवर चालते. पण ते निवड करत नाही. गुलाबाचा हिरवा फुटवा किंवा पपईचे हिरवे खोड यांवर उडालेले थेंबही आत शोषले जातात. 2,4-डीची झुळूक दूरच्या टोमॅटोच्या किंवा द्राक्षाच्या पानांना वेडेवाकडे करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली ग्लायफोसेटला माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत गणले. 2022 साली केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. तणनाशके कीटकनाशक कायदा, 1968 च्या कक्षेत येतात आणि लेबलावर लिहिलेल्या पिकांपलीकडे ती वापरायची नसतात. मिश्र लागवडीच्या घरगुती वाफ्यात त्यांची गरज क्वचितच पडते, असे आमचे विचारपूर्वक बनलेले मत आहे. मीठ, रॉकेल आणि उकळते पाणी हे घरगुती समजले जाणारे उपायही निरुपद्रवी नाहीत. मीठ मातीत साचून सगळ्यांचीच मुळे होरपळवते. व्हिनेगर लव्हाळ्याची फक्त पाने जाळते, गाठ तशीच राहते. उकळते पाणी फरशीच्या फटींपुरते ठीक आहे, वाफ्यात नको.

तण शत्रूच असते असे मानून कोणी हे पुस्तक वाचू नये. ज्या हरळीने वाफा व्यापला तीच भाद्रपदात दूर्वा म्हणून गणपतीच्या मस्तकावर चढते. लव्हाळ्याच्या गाठी मुस्ता म्हणून आयुर्वेदात मान्यता पावलेल्या आहेत. केना, घोळ, कुर्डू आणि टाकळा या पावसाळ्यातल्या रानभाज्या, तर आघाडा पत्रीत हवाच. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीशिवाय शेतीचा पुरस्कार करताना तणांकडे जमिनीचा कस वाढवणारे साधन म्हणून पाहिले आणि अनेकांना नव्याने विचार करायला लावले. वाफ्यातली बी न धरलेली तणे मुळाशी कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरावीत, त्यांची मुळे मातीतच कुजू द्यावीत, हे त्या विचाराशी सुसंगत आहे. फक्त गाठीच्या, पेराच्या आणि कांडीने रुजणाऱ्या तणांना ही सवलत देऊ नये.

तणे वाफ्यात येतात कोठून, यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि शहरातल्या वाचकांनी ते आधी वाचले तरी चालेल. विकत आणलेली लाल माती, रोपवाटिकेतल्या पिशवीतला बुंधा आणि अर्धकच्चे शेणखत या तीन वाटांनी बहुतेक पाहुणे येतात. नवे रोप लावण्याआधी पिशवीच्या वरची दोन बोटे माती काढून टाकणे आणि तिच्यात काळपट गाठी दिसतात का ते पाहणे, एवढ्या दोन मिनिटांच्या कामाने पुढचे कित्येक महिने वाचतात.

या विषयातले सर्वांत बारीक ज्ञान ग्रंथांत आलेले नाही, ते खुरपे हातात धरणाऱ्या बायकांकडे आहे. पश्चिम महाराष्ट्रात भांगलायला आणि विदर्भात निंदायला जाणाऱ्या या बायका दोन पानांवरच्या कोवळ्या रोपातून तण कोणते आणि पीक कोणते, हे बोलता बोलता ओळखतात. त्यांची बोटे आणि वनस्पतिशास्त्राची पुस्तके एकमेकांना दुजोरा देतात, हे या लेखनाच्या निमित्ताने वारंवार दिसले आणि त्याचा अभिमान वाटला. तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर हे पुस्तक घेऊन तिच्याकडे जा आणि पुस्तकात जे लिहिले आहे ते तिला विचारून पाहा.

सारी बाग एकदम हाती घेऊ नका. ज्या वाफ्याने सर्वांत जास्त त्रास दिला आहे तो एकच निवडा. त्यातल्या तणांची नावे लिहा आणि प्रत्येकापुढे साठा कोणता ते टिपून ठेवा: गाठ, पेर की बी. मग वहीत पुढच्या फेरीची तारीख घाला आणि ती पाळा. पहिल्या पावसाळ्यात फरक थोडाच दिसेल. दुसऱ्या पावसाळ्यात कोंब विरळ आणि किरकोळ येऊ लागतील, आणि खुरपणीला लागणारा वेळ कमी झाल्याचे तुमच्याच नोंदी सांगतील. तेवढा धीर धरण्याची तयारी असेल, तर पुढचे प्रकरण उघडायला हरकत नाही.